बदलापूर-दादर सव्वा तास आणि कानातला अभ्यास

नोकरी सांभाळून एमपीएससी करताय आणि रोजचे दोन-अडीच तास लोकलमध्ये जातायत, अशा नवीन मुलामुलींसाठी लिहितेय. मी बदलापूरला राहते, ऑफिस दादरला, फास्ट मिळाली तर एका बाजूने साधारण सव्वा तास. घरी पोचून जेवण वगैरे उरकेपर्यंत साडेनऊ होतात, त्यामुळे अभ्यास करायचा तर तो प्रवासातच, दुसरा वेळच नाही.

पहिले चार-पाच महिने मी फक्त लेक्चर ऐकली. ऐकताना सगळं कळतंय असं वाटायचं, सर शिकवतातही छान, पण दादरला उतरल्यावर कोणी विचारलं असतं की आज काय झालं तर दोन वाक्यं धड सांगता आली नसती. कल्याणला गर्दी घुसली की लक्ष जातंच, आणि लेक्चर काही तुमच्यासाठी थांबत नाही.

मग एका रविवारी मी माझ्याच आवाजात प्रश्न रेकॉर्ड करायला घेतले. फोनमधला साधा रेकॉर्डर, पंखा बंद, दार लावलेलं. "वित्त आयोग, कलम कोणतं?" एवढं बोलायचं, मग मनात पाच आकडे मोजत गप्प राहायचं आणि मग उत्तर, "दोनशे ऐंशी." पुढचा प्रश्न, "त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात कधी आली?" परत पाच आकडे, "२४ एप्रिल १९९३." त्या पाच सेकंदांतच सगळं आहे, कारण तेवढ्या वेळात तुम्हाला उत्तर डोक्यातून ओढून काढावं लागतं, नुसतं ऐकून सोडून देता येत नाही. उत्तर आलं तर पुढचं ऐकून खात्री होते, नाही आलं तर ते असं टोचतं की पुढच्या वेळी बरोबर आठवतं.

एका फाइलमध्ये वीस प्रश्न, सहा-सात मिनिटांची फाइल, नाव म्हणजे विषय आणि तारीख. तीच फाइल दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी. चुकलेले प्रश्न रविवारी नव्या फाइलमध्ये. आणि हो, फाइली बदलापूरच्या प्लॅटफॉर्मवरच एकामागे एक लावून ठेवायच्या, कारण कल्याणनंतर हात वर काढायलासुद्धा जागा नसते. सगळं फोनमध्ये डाउनलोड केलेलं पाहिजे, गाडीत नेटच्या भरवशावर राहू नका.

पुस्तक वाचून दाखवणाऱ्या सोयींबद्दल सगळे विचारतात. अँड्रॉइडमध्ये सिलेक्ट टू स्पीक आहे, मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये मराठीचे आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, लेख ऐकायला चांगले आहेत. पण बऱ्याच मराठी नोट्सच्या पीडीएफ जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात, स्क्रीनवर मराठी नीट दिसतं पण आत अक्षरं भलतीच, त्यामुळे फोन काहीतरी अगम्य बडबडायला लागतो. स्कॅन केलेलं पान असेल तर बऱ्याचदा वाचतच नाही. अशा वेळी गूगल लेन्सने पानाचा फोटो घेऊन मजकूर निवडायचा, किंवा तो फोटो ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडायचा, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला वाचता येईल असा, मिळतो. आकडे मात्र डोळ्यांनी तपासाच. ३ चा ८ झाला आणि तोच पाठ झाला तर नंतर पुसायला फार त्रास होतो, माझं एका कलमाबाबत झालंय.

बोलून टाइप करणं हा दुसरा भाग. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे, फक्त कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडलेली पाहिजे नाहीतर तो इंग्रजी समजून काहीही लिहितो. गाडीत हे चालत नाही, आवाजही फार आणि शेजारच्यांनाही त्रास. मी हे संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत येताना करते, पंधरा मिनिटं. एक विषय घ्यायचा, समजा सत्यशोधक समाज, १८७३ मध्ये पुण्यात स्थापना कशासाठी, मागण्या काय, परिणाम काय, असं सलग बोलत सुटायचं. मध्ये थांबलं की टायपिंग बंद पडतं म्हणून आधी नुसतं रेकॉर्ड करते आणि घरी ऐकून मुद्दे उतरवते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, त्यामुळे उत्तराची मांडणी तोंडी जमायला लागली की लिहायला कमी अडतं, निदान सुरुवात कुठून करायची ते तरी सुचतं.

आता जिवाचं बोलते. एकच कान, दुसरा मोकळा. रस्ता ओलांडताना दोन्ही मोकळे, आणि रूळ ओलांडूच नका, पूल आहे. दारात उभं राहून फोन हातात धरू नका, खांबावरून फटका मारून फोन पाडणारे असतात आणि फोनच्या मागे माणूसही जातो. इअरफोन वायरचाच घ्या, बड गर्दीत पडला तर शोधायला खाली वाकायचीसुद्धा सोय नसते.

आमच्या लेडीज डब्यात अंबरनाथला चढणाऱ्या एक काकू आहेत, रोज माझ्या शेजारी चौथ्या सीटवर. मी ओठ हलवत उत्तरं पुटपुटते ते बघून त्यांनी एकदा विचारलं, "काय गं, जप करतेस का?" मी एक इअरफोन त्यांना दिला. भूगोलाची फाइल चालू होती. "कळसूबाईची उंची किती?" आला प्रश्न, आणि त्या पाच सेकंदांच्या गॅपमध्ये मी आठवतेय तोवर काकू म्हणाल्या, "एक हजार सहाशे सेहेचाळीस मीटर, कॉलेजात असताना चढलेय मी." तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी भूगोल आम्ही दोघी मिळून ऐकतो.