लूपच्या गणितात गाडी कुठे पडते? या चुका टाळा

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा लागला की शहराच्या लष्कर भागातल्या माझ्या शिकवणीत हजेरी निम्मी होते. मी रागवत नाही. १९०५ पासून भरणाऱ्या या मेळ्यात आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो. अकरावीचं वर्तुळाकार गतीचं प्रकरण तिथे डोळ्यांसमोर फिरतं. पेपरात मात्र रोलर कोस्टर आला की मुलं ठराविक ठिकाणीच घसरतात.

सगळ्यात मोठी घसरण उंचीची. लूपची, म्हणजे रुळाच्या उभ्या वर्तुळाची, त्रिज्या १० मीटर, म्हणजे माथा २० मीटरवर. मग गाडी २० मीटरवरून सोडली की पोचलीच! नाही पोचत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सगळी ऊर्जा चढण्यातच खर्च झाली, तर माथ्यावर फिरायला वेग उरत नाही. तिथे वेगाचा वर्ग निदान गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या एवढा हवा, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.९ मीटर. त्यासाठी सुरुवातीची उंची त्रिज्येच्या अडीचपट लागते: २५ मीटर, तीही घर्षण शून्य धरून. २० मीटरवरून सोडलेली गाडी साधारण १६.७ मीटरवरच रूळ सोडते. (खऱ्या गाडीला रुळाखालूनही चाकं असतात, म्हणून ती सुटून पडत नाही. गणितात ती चाकं नसतात.) गाडीत चार जण बसोत की आठ, ही उंची तीच, तुमच्या उत्तरात वस्तुमान उरलं असेल तर मागे जाऊन बघा.

दुसरी खोड आकृतीतली. वजन दाखवलं, रुळाची प्रतिक्रिया दाखवली, आणि वर अभिकेंद्री बलाचा तिसरा बाण! ते वेगळं बल नाहीच, या दोघांची केंद्राकडची बेरीज आहे. माथ्यावर दोन्ही खाली, म्हणून अधिक. तळाशी प्रतिक्रिया वर आणि वजन खाली, म्हणून वजाबाकी. हे चिन्ह चुकलं की २५ मीटरवरून सोडलेल्या गाडीचं तळाचं उत्तर ४ पट वजन येतं. खरं ६ पट आहे. ६० किलोच्या माणसाला ३६० किलोचा भार! न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला १८९५ मध्ये असा अगदी गोल लूप बांधला होता, तर लोकांच्या माना दुखावल्या. म्हणून आताचे लूप थेंबासारखे असतात: खाली त्रिज्या मोठी, वर लहान. प्रश्नात गोल लूप दिला असेल तर गोलच धरा, उगाच हुशारी नको.

वेळ विचारली तर मात्र सरळ रेषेतली समीकरणं वापरू नका. वाकड्या रुळावर त्वरण सतत बदलतं.

आणि मौत का कुआँ. तिथे केंद्राकडे ढकलते ती भिंत, घर्षण फक्त मोटारसायकलला वर धरतं. मुलं नेमकी उलट लिहितात. त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक ०.५ धरा: कमीत कमी वेग तासाला सुमारे ३६ किलोमीटर. नई सडकेवर गर्दी नसली की आपली स्कूटरही तेवढीच पळते.