सुका मेवा, खुश्कीचा मार्ग आणि कोरडीठाक विहीर: या चुका टाळा

नागपूरच्या इतवारी बाजारात एक चक्कर मारली की एखाद्या तरी दुकानावर ‘सुखा मेवा’ अशी पाटी दिसतेच. घरोघरी ‘कपडे सुखले का बघ’ हेही ऐकू येतं. नागपूरच्या मराठीला हिंदीचा शेजार जुना, त्यामुळे बोलताना हे खपून जातं. लिहिताना मात्र ‘क’चा ‘ख’ झाला की बदाम-काजूंत उगाच सुख शिरतं.

मराठी ‘सुका’ आणि हिंदी ‘सूखा’ यांचं मूळ एकच आहे. संस्कृतात ‘शुष्’ म्हणजे वाळणे, त्यावरून ‘शुष्क’. प्राकृतात त्याचं ‘सुक्क’ झालं आणि मराठीत ‘सुका’; हिंदीने ‘सूखा’ धरला. म्हणून आपल्याकडे सुका मेवा, सुकी मासळी, सुका कचरा. ‘शुष्क’ लिहिताना पोटफोड्या ‘ष’च हवा. शंका आली तर ‘शोषण’ आठवा, किंवा अंगणातला शोषखड्डा. सगळे त्याच धातूचे.

‘शुष्क’चा एक इराणी भाऊ आहे, फारसीतला ‘खुश्क’. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत तो ‘हुश्क’ होता. कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही, दोन्हीकडे तो वारशानेच आला. मराठीत तो ‘खुश्कीचा मार्ग’ या प्रयोगात टिकून आहे. खुश्की म्हणजे कोरडी जमीन, आणि खुश्कीचा मार्ग म्हणजे जलमार्ग नव्हे तो, जमिनीवरचा रस्ता. हल्ली बातम्यांत मात्र ‘खुश्कीच्या मार्गाने पद मिळवलं’ असं सर्रास छापून येतं. अर्थ अभिप्रेत असतो चोरवाट किंवा सोपी पळवाट. तिथे सरळ ‘मागच्या दाराने’ म्हणावं. ‘खुशी’शीही या शब्दाचं काही नातं नाही. विमान सोडलं तर नागपूरला येणारा प्रत्येक मार्ग खुश्कीचाच आहे, त्यात चोरटं काय?

नुसत्या उच्चारावरून नाती जुळवली की अशी फसगत होते. ‘दुष्काळ’ म्हणजे शुष्क काळ, हा असाच एक समज. फोड आहे ‘दुस् + काल’, म्हणजे वाईट काळ. म्हणूनच तर तो ओलाही असू शकतो: अतिवृष्टीने कापूस-सोयाबीन शेतातच सडलं की विदर्भातले शेतकरी ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ म्हणतात, आणि ते भाषेच्या दृष्टीनेही अगदी बरोबर असतं. ‘वाळवंट’ही वाळण्यावरून आलेलं नाही. त्यात वाळू आहे. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी वारकरी वाळवंटातच कीर्तन करतात, शेजारी नदी वाहत असते.

आता वापरातल्या चुका. नागपूरचं वर्णन करताना ‘शुष्क प्रदेश’ लिहायचा मोह होतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपार जातो, दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, लागला की रस्ते ओस पडतात. हे सगळं खरं. पण वर्षाचा पाऊस बघा. तो 1000 मिलिमीटरच्या वर जातो, पुण्यापेक्षा बराच जास्त. तेव्हा उन्हाळ्यातली हवा शुष्क म्हणा, प्रदेश नको. कूलर चालतो तो या कोरड्या हवेच्या जोरावर: पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेतली जाते. जुलैत हवाच दमट झाली की तोच कूलर घर नुसतं चिकट करतो.

सुकणे आणि वाळणे यांतही गल्लत होते. मुगवड्या, कुरडया, धुतलेली साडी गच्चीवर वाळत घालतात; म्हणून ‘वाळवण’. फूल सुकतं, उन्हातून आलेल्या पोराचा चेहरा सुकतो. तो चेहरा ‘वाळला’ म्हटलंत तर पोरगं हडकलं असा अर्थ होतो. ‘रखरखीत’ ऊन असतं किंवा माळ असतो, पापड नव्हे. पापड कडकडीत वाळतो.

पाणी असायला हवं होतं आणि थेंबही उरला नाही, तिथे ‘कोरडाठाक’. विहीर, तळं, नदीचं पात्र, माठ यांना तो शोभतो. तो एकत्र लिहा आणि लिंग सांभाळा: कोरडीठाक विहीर, कोरडंठाक तळं. ‘ठणठणीत’ वापरणार असाल तर पुढे ‘कोरडी’ विसरू नका. नुसती ‘विहीर ठणठणीत आहे’ म्हटलंत तर ऐकणारा समजेल, तिची तब्येत उत्तम आहे.