वॉचमन, गार्ड लोकांची बीपी-शुगर : या चुका टाळा

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर नाईटला असणाऱ्या काकांनी परवा खिशातून गोळ्या काढल्या, "ही बीपीची का शुगरची, बघ ना जरा." कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा, तीनच गोळ्या, नाव आणि एक्सपायरी दोन्ही कापण्यात गेलेलं. मला काही कळेना, दुसऱ्या डॉक्टरलाही कळलं नसतं. सुट्या गोळ्या घ्याव्या लागत असतील तर निदान अख्ख्या स्ट्रिपचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, आणि खरं तर बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तिशीच्या पुढच्यांची तपासणीपण होते.

दुसरी चूक सगळेच करतात, बरं वाटलं की गोळी बंद. अहो, बीपी वाढलेलं बहुतेक वेळा जाणवतच नाही, डोकं दुखेल तेव्हा बघू म्हणत बसलात तर थेट पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो. 140/90 च्या वर सतत येत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

नाईटवाल्यांचं अजून वेगळंच. सकाळी घरी येऊन शुगरची गोळी घेतली आणि न जेवता झोपले, की काही गोळ्यांनी झोपेतच शुगर खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळायला लागतो. डॉक्टरला "माझी रात्रपाळी आहे, मी या वेळेला जेवतो" हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी असू द्या.

आणि बारा तास उभं राहून पाय दुखतात म्हणून रोज पेनकिलर घेऊ नका, त्यात गेटवर बाथरूम नाही म्हणून पाणी कमी पिता, दोन्ही मिळून किडनीची वाट लागते. सोसायटीवाल्यांनो, बाथरूमची चावी द्या त्यांना, एवढं तरी करा.

खाडा पडतो म्हणून दवाखाना टाळणं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. एजन्सीकडून कामाला असाल आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीचे (म्हणजे सरकारच्या कामगार विम्याचे) 0.75 टक्के कापले जातात का बघा. कापत असतील तर तुमच्यावर, बायकोमुलांवर उपचार मोफत, आणि नियमात बसत असाल तर आजारपणाच्या सुट्टीत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के पैसे मिळतात, फक्त ईएसआयसीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. काकांचे पैसे चार वर्षं कापले जात होते आणि त्यांना स्वतःचा ईएसआयसी नंबरच माहीत नव्हता. एजन्सीकडून तो नंबर आजच मागून घ्या.