प्लग-इन हायब्रिडचं ॲव्हरेज बघताना या चुका टाळा

माझ्या मावसभावानं जुळे सोलापुरात सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि घरच्या सॉकेटावर चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली गाडी, घेतली आणि महिन्याभरात व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, मीटरवर 150 किलोमीटर पर लिटर. खाली मेसेज, "दादा, तुझी डिझेल विकून टाक." पुढच्या महिन्यात पुण्याला जायला निघाला, तिथं पोचला आणि तिथूनच फोन, "गाडीत फॉल्ट आहे की ओ, 18 वर आली!" फॉल्ट काहीच नव्हता. दोन्ही आकडे बरोबर होते, ते नेमकं काय मोजतात तेवढंच त्याला माहीत नव्हतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. साधारणपणे या गाड्यांत किलोमीटर पर लिटर म्हणजे एकूण पळालेले किलोमीटर भागिले जळालेलं पेट्रोल. म्हणजे बॅटरीवर पळालेले किलोमीटर हिशोबात येतात, पण रात्री घरच्या सॉकेटातून घेतलेली वीज येत नाही. डबा घरून न्यायचा, हॉटेलात नुसता चहा प्यायचा आणि आपलं महिन्याचं खाणं चहाच्या पैशात भागतं म्हणून सांगत फिरायचं, तसलं हे.

त्याचा पहिला महिना बघा. विजापूर रोड, सात रस्ता, नवी पेठ, होटगी रोड असं गावातल्या गावात 300 किलोमीटर फिरला, त्यातले 270 बॅटरीवर, फक्त 30 किलोमीटर इंजिन लागलं आणि 2 लिटर पेट्रोल गेलं. 300 भागिले 2, झाले 150. पुण्याला निघाला तेव्हा साधारण 250 किलोमीटरपैकी पहिले 40 बॅटरीवर, म्हणजे मोहोळच्या पुढं जाईपर्यंत बॅटरी संपली, उरलेल्या 210 ला 15 च्या हिशोबानं 14 लिटर, मग 250 भागिले 14 म्हणजे 17.9. इंजिनचं खरं ॲव्हरेज दोन्हीकडं 15 च. बदललं ते फक्त बॅटरीवर पळालेलं अंतर.

बरं, यावर त्यानं अजून एक चूक केली, 150 आणि 18 ची सरासरी काढून "84 पडतंय" म्हणाला. असं नसतं ओ. ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढायचं नाही, एकूण किलोमीटर 550, एकूण पेट्रोल 16 लिटर, म्हणजे 34 च्या आसपास. आणि त्यातही वीज धरलेली नाहीच!

मग खरा हिशोब कसा करायचा तर रुपयात. चार्जिंगच्या सॉकेटला एक सब-मीटर बसवा, स्वस्तात येतो, पण काम वायरमनकडनंच करून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. गाडीच्या स्क्रीनवरचे युनिट धरू नका कारण चार्ज होताना 10-15 टक्के वीज वाया जाते आणि बिल भिंतीतल्या युनिटचं येतं. त्याचे महिन्याला 75 युनिट झाले. घरचा वापर त्यामुळं वरच्या स्लॅबमध्ये जातो म्हणून युनिटला 12 रुपये धरले तर 900, पेट्रोल 105 नं 2 लिटर म्हणजे 210, एकूण 1110 भागिले 300, किलोमीटरला 3 रुपये 70 पैसे. नुसत्या पेट्रोलवर 15 चं ॲव्हरेज धरलं तर तेच 7 रुपये पडले असते. फायदा आहेच की, पण 150 बघून वाटतो तेवढा नाही.

टाकी फुल करून मोजणारे आपले लोक इथं हमखास फसतात. ऑटो कटला भरली, पुन्हा ऑटो कटला भरली, भागाकार केला, हे साध्या गाडीला ठीक आहे. प्लग-इनला दोन्ही वेळेला बॅटरी पण सारखीच पाहिजे. निघताना 100 टक्के आणि परत भरताना 10 टक्के असेल तर मधली वीज फुकट धरल्यासारखं होतं. शिवाय तुळजापूरला जाताना चढ, येताना उतार, त्यामुळं एका बाजूचं रीडिंग बघून खूश पण होऊ नका आणि रडू पण नका.

काही जण हायवेला चार्ज मोड लावून इंजिननं बॅटरी भरतात आणि मग ॲव्हरेज पडलं म्हणून ओरडतात. इंजिनमधून बॅटरीत आणि बॅटरीतून मोटरमध्ये जाताना थोडं थोडं वाया जातंच, त्यामुळं हे शक्यतो करू नये. गावात इंजिन बंद ठेवायचं असेल तर चार्ज भरण्यापेक्षा आहे तो राखून ठेवणारा मोड बरा.

स्ट्राँग हायब्रिड आणि प्लग-इनची तुलना पण नको. ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस यांच्या हायब्रिडला प्लगच नाही, सगळी ताकद शेवटी पेट्रोलमधूनच येते, म्हणून त्यांच्या मीटरवरचा आकडा सरळ असतो. प्लग-इनच्या ब्रोशरमधल्या आकड्यात तर लोक किती वेळा चार्ज करतील याचा अंदाजच धरलेला असतो. युरोपियन कमिशननं 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा डेटा काढला तर प्लग-इनच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड कागदावरच्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघाला, मोठं कारण म्हणजे लोक धरलं होतं तितकं चार्ज करत नाहीत.

आता तरी पण रीडिंग अचानक पडलं तर गॅरेजला पळायच्या आधी एवढं बघा. ट्रिप कधी रीसेट केली होती, आणि स्क्रीनवर आत्ताची ट्रिप आहे का जुनी सगळी मिळून. स्क्रीनवर ॲव्हरेज दाखवायचं युनिट बदललं नाही ना, कारण 100 किलोमीटरला 5.6 लिटर म्हणजेच 17.9, तिथं आकडा जितका छोटा तितकं चांगलं. टायरमधली हवा. रात्री चार्जिंग खरंच झालं का, का लाईट गेली होती. आणि एप्रिल-मे असेल तर एसी, आपल्याकडं पारा 42-43 ला गेल्यावर गावातल्या ट्रॅफिकमध्ये एसीच बॅटरी खातो आणि इंजिन लवकर चालू होतं.

मावसभावानं आता सब-मीटरशेजारी एक वही लटकवलीय, दर रविवारी किलोमीटर, युनिट आणि लिटर लिहितो. माझी डिझेल विकायचा विषय मात्र त्यानं परत काढलेला नाही.