वर्गाचा ग्रुप आहे, पण वर्ग आपला वाटत नाही? या चुका टाळा

ग्रुपमध्ये सगळे असतात, वेळापत्रक वेळेवर पोहोचतं, हजेरी आपोआप लागते. तरीही एखादं मूल वर्षभर वर्गात असून नसल्यासारखं राहतं. आपण आलो काय, न आलो काय, कुणाला फरक पडत नाही, असं ज्याला वाटतं ते अडलं तरी विचारत नाही. रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं, की आपलेपणाची ओढ ही माणसाची मूलभूत गरज आहे. ती भागायला वारंवार होणारा सुखद संवाद लागतो आणि एकमेकांची काळजी असलेलं टिकाऊ नातंही लागतं. तंत्रज्ञान यातलं ‘वारंवार’ सहज साधतं. नातं मात्र माणसालाच जोडावं लागतं, आणि शिक्षकांच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

सूचनांचा मारा म्हणजे संवाद नव्हे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ग्रुपवर फक्त शिक्षकच लिहू शकतात, मुलं फक्त अंगठ्याची इमोजी टाकतात. सूचनांसाठी असा ग्रुप जरूर ठेवा, पण मुलांना बोलता येईल अशी दुसरी जागाही द्या. तिथे आठवड्याला एकच प्रश्न टाका, एका ओळीत उत्तर देता येईल असा. ‘या धड्यातलं काय अजून समजलेलं नाही?’ हा प्रश्न ‘काही शंका आहे का?’ यापेक्षा कितीतरी जास्त मुलांना बोलतं करतो, कारण त्यात न समजणं ही कमीपणाची गोष्ट राहत नाही.

याच्या जोडीला दर आठवड्याला चार-पाच मुलांना स्वतंत्र निरोप पाठवा. ‘छान काम!’ एवढ्यावर थांबू नका. ‘तुझ्या उत्तरातलं दुसरं कारण वर्गात कुणालाच सुचलं नव्हतं, उद्या सगळ्यांना सांगशील का?’ असं लिहा. शाळेच्या सॉफ्टवेअरकडून आपोआप येणारं ‘अभिनंदन’ मुलं पहिल्या आठवड्यातच ओळखतात. त्यात नाव असलं, तरी आपलं काम कुणी वाचलेलं नाही हे त्यांना कळतं. कोणाला निरोप गेला याची साधी यादी ठेवा. नाहीतर हुशार आणि खोडकर मुलांनाच सगळं लक्ष मिळतं आणि मधली शांत मुलं पुन्हा राहून जातात.

नुसत्या चुका दाखवणारा शेरा

ऑनलाइन तपासणीत लाल खुणा पटापट करता येतात. पण आपली जागा इथे आहे की नाही, याचीच शंका असलेलं मूल त्या खुणांचा अर्थ ‘तुला जमणार नाही’ असा लावतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या काही विद्यार्थ्यांना निबंधावरच्या शेऱ्यांसोबत एक चिठ्ठी दिली होती: माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस, म्हणून हे शेरे देत आहे. ही चिठ्ठी मिळालेल्यांपैकी जास्त मुलांनी निबंध सुधारून दिला, आणि फरक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये विशेष दिसला. तुम्ही हेच अर्ध्या मिनिटाच्या आवाजी शेऱ्यात म्हणू शकता. लिहिलेला शेरा कोरडा वाटू शकतो, आवाजातला जिव्हाळा ऐकू येतो. मात्र अपेक्षा खरी असू द्या आणि पुढची पायरी नेमकी सांगा.

कॅमेऱ्याची सक्ती आणि गुणांची जाहीर यादी

कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही, असा अर्थ लगेच काढू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका पाहणीत विद्यार्थ्यांनी सर्वाधिक वेळा सांगितलेलं कारण होतं आपण कसे दिसतो याची चिंता. मागे घरातलं काही दिसेल याची धास्ती आणि कमकुवत इंटरनेट हीही कारणं होती. कॅमेरा सुरू केलात तर मला बरं वाटेल, असं मोकळेपणानं सांगा आणि निवड मुलांवर सोडा. चॅट, झटपट मतदान, आवाज यांनाही सहभागच माना.

क्विझच्या लीडरबोर्डबद्दल, म्हणजे गुणांप्रमाणे नावं दाखवणाऱ्या यादीबद्दल, माझं मत ठाम आहे: तळाची नावं पडद्यावर नकोतच. मुलाला त्याचीच मागच्या वेळची कामगिरी दाखवा.

मत विचारलं, पुढे काहीच नाही

‘तुम्हाला वर्ग आपला वाटतो का?’ असा फॉर्म भरून घेतला, तर आठवड्याभरात सांगा की काय ऐकलं, काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही. सरासरीवर समाधान मानू नका. चाळीस जणांना आपलं वाटत असेल आणि दोघांना नसेल, तर तुमचं काम त्या दोघांपासून सुरू होतं. म्हणून निनावी फॉर्मच्या शेवटी ‘माझ्याशी बोलायचं असेल तर नाव लिही’ अशी ऐच्छिक जागा ठेवा.

तरीही अडलं तर

चॅटमध्ये नेहमी तेच चौघे लिहितात? सगळ्यांना उत्तर टाइप करून थांबायला सांगा आणि तुम्ही सांगितल्यावर एकदम पाठवू द्या. मेरी बड रो यांच्या संशोधनात दिसलं होतं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. टाइप करायला तर आणखी वेळ लागतो.

छोट्या ऑनलाइन गटांत शांतता असेल, तर दर वेळी नवे गट पाडणं थांबवा. तेच गट काही आठवडे टिकू द्या आणि प्रत्येकाला ठरलेलं काम द्या.

मुलांचा स्वतःचा ग्रुप असेल, तर त्यात घुसू नका. पण अभ्यासाची कोणतीही माहिती फक्त तिथेच फिरणार नाही याची काळजी घ्या. त्या ग्रुपमध्ये न घेतलेलं किंवा घरातला एकच फोन वाटून वापरणारं मूल तिथेच मागे पडतं.

आणि कुणी अचानक दिसेनासं झालं, तर गैरहजेरीचा आपोआप जाणारा इशारा पुरेसा समजू नका. त्याच दिवशी स्वतः फोन करा, आधी ‘सगळं ठीक आहे ना?’ एवढंच विचारा आणि राहिलेल्या गृहपाठाचा विषय दुसऱ्या दिवसावर ठेवा.