इमॅजिकाला जाताय? आधी पोरांची उंची मोजा

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कात पोरांना घेऊन गेलं की अर्धा दिवस लाइनीतच जातो, आणि एवढं थांबून वर पोहोचल्यावर उंची कमी म्हणून पोराला परत पाठवलं की रडारड ठरलेली.

आम्ही यावेळी असं केलं:

१. आदल्या रात्री भिंतीला उभं करून, बूट काढून उंची मोजली, वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंचीची अट बघितली आणि कोण कशात बसणार ते पोरांना घरीच सांगून टाकलं.

२. गेट उघडताच आधी नायट्रो हा मोठा रोलरकोस्टर, गर्दी वाढायच्या आत. एक मोठा माणूस लहान्यापाशी थांबला, मग अदलाबदल.

३. दुपारच्या उन्हात मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया अशा आतल्या राइड्स. जेवण साडेअकरालाच उरकून घ्या, एकला सगळेच तिकडे पळतात.

४. राजासॉरस त्यानंतर, कारण त्यात भिजायला होतं आणि ओल्या कपड्यांनी पोरं दिवसभर कुरकुरतात. एक जोड कपडे हवेतच.

सकाळी आत शिरतानाच पोरांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, गर्दीत चुकलं तर घाबरून शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही.

फक्त एक, उंची एखाद्या सेंटीमीटरने कमी भरली तर स्टाफशी हुज्जत घालू नका, सेफ्टी बार त्या मापानेच बसतो.