इंग्लिश लिटरेचरची असाइनमेंट गाईड बंद ठेवून कशी लिहायची

सबमिशनची तारीख जवळ आली की क्लासच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, "कुणाची झालीय का, फोटो टाका ना." मग कुणीतरी गाईडमधून उतरवलेली पानं टाकतं, ती बघून बाकीचे उतरवतात, आणि मॅडमच्या टेबलावर एकाच असाइनमेंटचा गठ्ठा जाऊन पडतो, अक्षर तेवढं वेगवेगळं. मार्क मिळतातही, इंटर्नलला कोण कुणाला नापास करतंय. पण ज्यांना पुढे एमए करायचंय, सेट-नेटच्या मागे लागायचंय, किंवा निदान एखादं नाटक वाचून त्यावर स्वतःची दोन पानं इंग्रजीत लिहिता यावीत असं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

उदाहरण एकच घेते, इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराचं 'अ डॉल्स हाउस'. बऱ्याच ठिकाणी सिलॅबसला असतं, तीनच अंकांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं, जुनं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, आणि अनंत काणेकरांनी ते 'घरकुल' म्हणून मराठीत आणलंय त्यामुळे आपल्याकडे अगदीच परकं नाही. कथा थोडक्यात अशी की नोराने आजारी नवऱ्याला इटलीला न्यायला त्याच्या चोरून क्रॉगस्टॅड नावाच्या माणसाकडून कर्ज काढलेलं असतं, त्यासाठी वडिलांची खोटी सही केलेली असते, ते बाहेर पडतं, नवरा टॉरवाल्ड आधी चवताळतो, मग धोका टळल्यावर "जा, माफ केलं" म्हणतो, आणि नोरा घर सोडून जाते. १८७९ सालचं नाटक आहे हे. पुढच्याच वर्षी जर्मनीत नटीने असा शेवट करायला नकार दिला म्हणून इब्सेनला स्वतःच्या हाताने गोड शेवट लिहून द्यावा लागला होता, यावरून तेव्हा लोकांना हे किती झोंबलं असेल बघा.

आता प्रश्न येतो "डिस्कस नोरा ॲज अ न्यू वुमन", म्हणजे जुनी चौकट मोडून स्वतःच्या पायावर उभी राहू बघणारी 'नवी स्त्री' म्हणून नोराबद्दल लिहा. आणि दहातल्या नऊ असाइनमेंट सुरू कशा होतात, तर इब्सेन १८२८ साली नॉर्वेत शिएन गावी जन्मला, त्याला आधुनिक नाटकाचा जनक म्हणतात, त्याने अमुक नाटकं लिहिली. सगळं खरं आहे, पण विचारलंय कुणी? मॅडमना हे माहीत आहे, आणि तुम्ही ते विकिपीडियावरून घेतलंय हेही माहीत आहे. त्यानंतर दीड पान कथानक, मग अर्धं पान "नोरा इज अ ब्रेव्ह वुमन", मग "दस वी कॅन सी दॅट". झालं, शिवली स्टेपल.

माझं म्हणणं एवढंच आहे की अख्ख्या नाटकावर लिहायला जाऊच नका, नाटकातली एक छोटीशी जागा धरा आणि तिथून लिहा. जेवढी जागा छोटी तेवढं लिहायला जास्त सापडतं, हे आधी पटत नाही, पण करून बघा.

जागा शोधायची कशी? पहिलं वाचन नुसतं गोष्टीसाठी करा, पेन हातात घेऊ नका. दुसऱ्यांदा पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे "हे इथे कशाला घातलंय?" असं वाटेल तिथे समासात खूण करा, जिथे आवडलं तिथे नाही, जिथे खटकलं तिथे. या नाटकात मला खटकलेली एक जागा दाखवते. पहिल्या अंकात नोरा मुलांबरोबर लपाछपी खेळत असते, स्वतः टेबलाखाली लपलेली असते, एवढ्यात क्रॉगस्टॅड येतो आणि सहीचं प्रकरण उकरून काढतो. तो गेल्यावर टॉरवाल्ड येतो आणि क्रॉगस्टॅडबद्दल बोलता बोलता सहज म्हणून जातो की लहान वयात वाया गेलेल्या बहुतेकांच्या आया खोटारड्या असतात. त्याला काय माहीत समोर कोण बसलंय. तो आत जातो, दाई येऊन सांगते की पोरं आईकडे यायचा हट्ट करतायत, आणि जी बाई थोड्या वेळापूर्वी टेबलाखाली लपून खेळत होती ती म्हणते, नाही, त्यांना माझ्याकडे येऊ देऊ नको.

इथे थांबायचं. आता याच धाग्याने पुढे चाळत जायचं, नोरा आणि मुलं एवढंच शोधत. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच सापडतं, ती दाईला सांगते की आता मला मुलांबरोबर पूर्वीइतकं राहता येणार नाही, मग विचारते की आई कायमची निघून गेली तर मुलं तिला विसरतील का, आणि मग त्या दाईलाच विचारते की तू तुझं स्वतःचं मूल परक्यांच्या हवाली कसं केलंस गं, कसं झालं तुझं मन. तिसऱ्या अंकात टॉरवाल्ड रागात म्हणतो की मुलं आता तुझ्या हाती देणार नाही, आणि शेवटच्या बोलण्यात नोरा स्वतःच म्हणते की मी त्यांना वाढवायच्या लायकीची नाही. बघा, एका जागेवरून निघालो आणि तिन्ही अंकांतून पुरावा हातात आला, गाईड न उघडता.

आता यातून एक वाक्य बनवायचं, ज्याला तुमच्या मॅडम थिसिस स्टेटमेंट म्हणतात. त्याची कसोटी सोपी आहे, वर्गातला एखादा हुशार मुलगा त्यावर "नाही पटत" म्हणू शकला पाहिजे. "नोरा धाडसी आहे" यावर कोण वाद घालणार? पण "नोरा घर सोडते ती शेवटच्या दारापाशी नाही, पहिल्या अंकाच्या शेवटीच, मुलांना खोलीत येऊ न देता ती निघायला सुरुवात करते" यावर वाद होऊ शकतो. झाला पाहिजेच. तो हुशार मुलगा लगेच म्हणेल, अहो पण तेव्हा तिच्या डोक्यात घर सोडणं कुठे होतं, ती तर जीव द्यायचा विचार करत होती, दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती उरलेले तास मोजते, शिवाय नवरा सगळं स्वतःवर घेईल या चमत्काराची वाट बघत असते. बरोबर आहे त्याचं. मग काय, वाक्य फेकून द्यायचं? नाही, सुधारायचं. मुलांपासून तुटणं आणि नवऱ्यापासून तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली टॉरवाल्डच्या त्या एका वाक्याने पहिल्याच अंकात सुरू होते, दुसरी चमत्कार घडत नाही तेव्हा तिसऱ्या अंकात होते, आणि शेवटचं जाणं म्हणजे या दोन्हींची बेरीज. आता हे वाक्य आधीच्यापेक्षा कितीतरी पक्कं झालं, आणि प्रश्नातल्या न्यू वुमनला पण उत्तर मिळतं, कारण जी बाई मोकळी होऊन निघाली असं आपण म्हणतो ती निघताना नवऱ्याचंच एक मत सोबत घेऊन निघालीय, की मी आई म्हणून नालायक. मला तरी हे "शी इज ब्रेव्ह"पेक्षा जास्त खरं वाटतं.

विरोधातला मुद्दा असाइनमेंटमध्ये लपवू नका, उलट त्याला स्वतःचा एक परिच्छेद द्या. मॅडम वाचताना तोच मुद्दा मनात घेऊन बसलेल्या असतात.

लिहायला बसताना पहिला मसुदा मराठीत करा. यात कमीपणा काही नाही, बोलून बघा किंवा फोनवर स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा, मैत्रिणीला सांगतोय तसं. विचार एकदा जागेवर बसला की इंग्रजी जमतं, विचारच डळमळीत असेल तर डिक्शनरीतले जड शब्द भरून काही होत नाही. मात्र मराठी वाक्याला जसं "आणि", "पण", "म्हणून" लावत लांबवतो (मी आत्ता करतेय तसं) तसं इंग्रजीत केलं की कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे, आणि मध्ये "द" कुठे गेला पत्ता नाही. त्यामुळे एक वाक्य, एक गोष्ट, फुलस्टॉप. आणि नाटकात काय घडतं ते इंग्रजीत वर्तमानकाळात लिहायचा रिवाज आहे, "नोरा फोर्जेस द सिग्नेचर", "फोर्ज्ड" नाही. इब्सेनने नाटक लिहिलं ते मात्र भूतकाळात. ही एक गोष्ट सांभाळली तरी निम्मा लाल पेन वाचतो.

कोटेशनबद्दल. उतारा टाकला की काम झालं असं नसतं. आधी सांगा कोण, कुणाला, कोणत्या वेळी बोलतंय, मग शब्द द्या, शक्यतो एक-दोन ओळीच, आणि मग तुमची दोन-तीन वाक्यं की या शब्दांत तुम्हाला काय दिसतं. ती तुमची वाक्यं नसतील तर कोटेशन काढून टाका. चांगला उतारा कसा वापरायचा याचं एक उदाहरण: क्रॉगस्टॅड नोराला पकडतो कसा, तर वडील वारले २९ सप्टेंबरला आणि कागदावर त्यांच्या सहीपुढे तारीख २ ऑक्टोबर. मेलेल्या माणसाने तीन दिवसांनी सही केली. एवढ्या एका तपशिलावर दीड परिच्छेद सहज होतो, कारण त्या काळी बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्जच काढता येत नव्हतं, पहिल्या अंकात नोराची जुनी मैत्रीण मिसेस लिंडे तसं बोलूनही दाखवते, म्हणजे नोराची स्वतःची सही तिथे चालणारच नव्हती, कुणातरी पुरुषाची हवी होती, मग तो पुरुष जिवंत नसला तरी बेहत्तर.

भाषांतराचा एक सापळा सांगते. आपण इब्सेन इंग्रजीत वाचतो म्हणजे भाषांतरच वाचतो, आणि भाषांतरं वेगवेगळी आहेत. एकात कर्जाची रक्कम २५० पाउंड आहे, दुसऱ्यात ४,८०० क्राउन. आता एक परिच्छेद या गाईडमधून आणि दुसरा त्या वेबसाइटवरून उचलला की पान दोनवर पाउंड आणि पान तीनवर क्राउन येतात, आणि कॉपी तिथेच पकडली जाते, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. एकच प्रत धरा आणि भाषांतरकाराचं नाव संदर्भात द्या.

समीक्षा वाचायची ती स्वतःचं वाक्य तयार झाल्यावर. आधी वाचली की तीच डोक्यात बसते. कॉलेजला एन-लिस्ट (जर्नल्स आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायची सोय) असेल तर लायब्ररीतून लॉगिन मागून घ्या, बऱ्याच कॉलेजांनी घेतलेलं असतं आणि पोरांना कुणी सांगत नाही. ई-पीजी पाठशालाचं एमएचं साहित्य फुकट आहे. शोधगंगावर पीएचडीचे प्रबंध आहेत, पण ते छापून आलंय म्हणजे चांगलंच असेल असं नाही, काही प्रबंध वाचून आपलीच असाइनमेंट बरी वाटते. दोन-तीन लेख नीट वाचलेत तरी पुरे. आणि तुलना करायची असेल तर कारण असलं पाहिजे. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालचं, इब्सेननंतर तीनच वर्षांनी, मोह होणारच. पण ताराबाईंच्या लिखाणाला निमित्त झालं ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल झालेल्या शिक्षेचं, नॉर्वेशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे प्रभाव वगैरे लिहू नका, कायदा बाईला कसा धरतो हे दोन्हीकडे कसं दिसतं एवढ्यावरच तुलना ठेवा, ती भरपूर होते.

कॉपीबद्दल नियम काय, तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची नियमावली आहे, त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून परत द्यायला लावतात, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. हे टप्पे मुख्यतः थिसिस-डिझर्टेशनचे, बीएच्या असाइनमेंटला कॉलेज आपलं आपण ठरवतं. एआयने लिहून घेणाऱ्यांना एवढंच सांगते की ते अस्तित्वातच नसलेले लेख आणि पान नंबर अगदी आत्मविश्वासाने देतं, आणि नोराच्या तोंडी तिने न म्हटलेली वाक्यंही घालतं. स्पेलिंग-व्याकरण तपासायला वापरा, बाकीचं तुमच्या जिवावर.

संदर्भ एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीने मागतात बहुतेक ठिकाणी, सध्या नववी आवृत्ती चालू आहे, २०२१ ची. मजकुरात कंसात आडनाव आणि पान नंबर, मध्ये कॉमा नाही, "पी" किंवा "पेज" नाही. शेवटी नव्या पानावर वर्क्स साइटेड, म्हणजे वापरलेल्या पुस्तकांची-लेखांची यादी, आडनावाच्या आद्याक्षराने लावलेलं, पुस्तकाचं नाव इटॅलिकमध्ये, हाताने लिहीत असाल तर अधोरेखित. टाइप करत असाल तर डबल स्पेसिंग, चारी बाजूंना एक इंच समास, १२ चा फॉन्ट. रंगीत बॉर्डर, गुलाबाची फुलं, चमकीच्या पेनाने नाव, हे शाळेत राहू द्या.

व्हायवा (तोंडी परीक्षा) असेल तर स्वतःची असाइनमेंट आदल्या रात्री एकदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक कोटेशन कोणत्या अंकातलं ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. पहिला प्रश्न तोच असतो.